बाटली बॅगेत भरण्यापूर्वी: सोलापूरच्या विमान प्रवाशांसाठी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

होटगी रस्त्यावरील विमानतळावरून २०२५ च्या जूनमध्ये गोव्याचे विमान सुरू झाले, त्याच वर्षी मुंबईचेही झाले, आणि सोलापूरकरांच्या सुट्टीच्या सामानात एक नवा प्रश्न येऊन बसला: काचेची बाटली घरापर्यंत धड कशी आणायची? एसटीत किंवा रेल्वेत काचेचे सामान मांडीवर घेता येते, पायाशी दाबून ठेवता येते. विमानात ते चेक-इनच्या बॅगेत जाते. तिथून पुढे ती बॅग पट्ट्यावर घसरते, ट्रॉलीत आडवी-उभी रचली जाते, विमानात हाताने फेकल्यासारखी चढवली जाते आणि तिच्यावर आणखी दहा बॅगा बसतात. हे सगळे होणार हे धरूनच पॅकिंग करायचे असते. ‘नाजूक’ची चिठ्ठी लावली म्हणून बॅग कोणी फुलासारखी उचलत नाही. उलट ती चिठ्ठी लावताना बहुतेकदा नुकसानीची जबाबदारी प्रवाशाची, अशा अर्थाच्या टॅगवर सही घेतली जाते.

पॅकिंगआधी नियमांचे बोलावे लागेल, कारण बाटली सुखरूप आली आणि माणूस अडकला, याला काही अर्थ नाही. विमानातून मद्य किती नेता येते, कोणालाही विचारा, उत्तर ठरलेले असते: ‘पाच लिटर चालते.’ हे उत्तर अर्धेच आहे. पाच लिटर हे विमानातल्या आगीच्या धोक्याचे माप आहे. ज्या पेयात मद्यार्क २४ टक्क्यांहून जास्त आणि ७० टक्क्यांपर्यंत आहे, ते दरडोई ५ लिटरपर्यंत, दुकानातून मिळालेल्या मूळ सीलबंद बाटलीत नेता येते. म्हणजे ७५० मिलिलीटरच्या सहा बाटल्या झाल्या ४.५ लिटर, सातवी घेतली की ५.२५, मर्यादा ओलांडली. वाइन आणि बिअर २४ टक्क्यांच्या आत असल्याने या पाचात मोजत नाहीत. ७० टक्क्यांच्या वरचे काहीही, मग ते पोलंडचे ९५ टक्क्यांचे स्पिरिट असो वा अमेरिकेची १५१ प्रूफ रम, चेक-इनलाही चालत नाही आणि हातातल्या बॅगेतही नाही.

‘प्रूफ’ शब्दाने फार गोंधळ होतो. अमेरिकन बाटलीवरचा प्रूफ आकडा टक्क्यांच्या दुप्पट असतो, म्हणून १५१ प्रूफ म्हणजे ७५.५ टक्के. आपल्याकडच्या व्हिस्कीवर ४२.८ टक्के लिहिलेले असते आणि जुन्या ब्रिटिश मापाने तेच ७५ प्रूफ होते. आकडा एक, अर्थ दोन. त्यामुळे बाटली घेताना टक्क्यांची ओळ वाचावी, प्रूफची नव्हे.

दुसरे माप कस्टमचे. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला २ लिटर मद्य शुल्काशिवाय आणता येते. १ लिटरच्या दोन बाटल्या बसतात. ७५० मिलिच्या तीन घेतल्या की २.२५ लिटर होतात आणि तिसरी बाटली आत येत नाही. जास्तीची आणली असेल तर सरळ रेड चॅनेलला जाऊन सांगावे आणि शुल्क भरावे. ग्रीन चॅनेलमधून गुपचूप निघण्याचा मोह महागात पडतो.

तिसरे माप राज्याचे, आणि सोलापूर-गोवा प्रवाशांना नेमके हेच कोणी सांगत नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. मद्य बाळगायला, वाहून न्यायला आणि दुसऱ्या राज्यातून आणायला परवाना लागतो. गोव्यातील बाटलीवर गोव्याचा कर भरलेला असतो, महाराष्ट्राचा नाही. गोव्याच्या दुकानाची पावती म्हणजे महाराष्ट्राचा परवाना नव्हे. विमान कंपनीने बॅग स्वीकारली, तेवढ्यावरून राज्य उत्पादन शुल्क विभागाची संमती मिळाली असेही होत नाही. परवाना नसेल तर गोव्याहून मद्य आणू नये, एक बाटलीही नको, असे आमचे स्पष्ट मत आहे. गोव्याच्या मोपा विमानतळावरील दुकानांत कोकमचे आगळ, नारळाचे व्हिनेगर, मध हेही काचेच्याच बाटल्यांत मिळते. ते आणा, पुढे लिहिले आहे ते पॅकिंग त्यांनाही तंतोतंत लागू पडते.

उलट दिशेचाही विचार हवा. आपल्याच जिल्ह्यात अकलूजला फ्रातेल्लीची वाइन होते आणि पाहुणे ती आवडीने घेऊन जातात. पाहुणा गुजरातेत किंवा बिहारमध्ये उतरणार असेल तर तिथे दारूबंदी आहे, हे बाटली भेट देण्यापूर्वी यजमानाने आठवावे. भेट देणाऱ्याची ती जबाबदारीच आहे.

आता बाटलीकडे वळू.

सुटी फेणी आणि उराक (काजूची पहिल्या धारेची, फेणीहून सौम्य दारू) आधी बाजूला काढा. गावाकडच्या भट्टीवरून प्लास्टिकच्या बाटलीत भरून दिलेली फेणी कितीही अस्सल असली तरी ती दुकानातील मूळ सीलबंद पॅकिंगमध्ये नाही. टक्केवारीची चिठ्ठी नाही, सील नाही. ती अडवली जाणारच. अर्धी उरलेली बाटलीही याच कारणाने आणू नये, पण तिथे आणखी एक कारण आहे. जेट विमान उंचावर असताना आतला हवेचा दाब जमिनीवरच्यासारखा नसतो, ६ ते ८ हजार फूट उंच डोंगरावर असावा तितका कमी होतो. त्या दाबात बंद हवा सव्वापट ते सव्वापटीहून थोडी अधिक फुगते. अर्ध्या रिकाम्या बाटलीत हवा भरपूर, बाटली बॅगेत आडवी, झाकण एकदा उघडलेले. फुगणारी हवा आतले मद्य झाकणाच्या फटीतून बाहेर ढकलते. काच शाबूत राहते आणि कपडे भिजतात, असे जे होते ते यामुळे.

याच दाबावरून एक गैरसमज पसरला आहे की विमानाच्या सामानकक्षात हवा नसते, म्हणून बाटली फुटते. प्रवासी विमानाचा सामानाचा कप्पाही प्रवाशांच्या कक्षासारखाच दाबाखाली असतो. सोलापूर-गोवा मार्गावरच्या एटीआरसारख्या छोट्या, पंख्यांच्या विमानात तर तो पोटाखाली नसतोच. कॉकपिटच्या मागे आणि शेपटीकडे, प्रवाशांच्याच मजल्यावर असतो. शॅम्पेनच्या बाटलीत आत पाच-सहा वातावरणांचा दाब असतो, मोटारीच्या टायरच्या दुपटीहून जास्त, आणि तिची काच त्याच हिशेबाने जाड केलेली असते. वर एक चतुर्थांश वातावरणाचा फरक पडल्याने तिला काही होत नाही. सीलबंद बाटली फुटते ती धक्क्याने, आणि धक्का तिला लागतो तो बॅगेत तिच्याभोवती मोकळी जागा राहिली म्हणून.

काच दाबाला घट्ट असते, पण वाकवले की तडकते. बाटलीचे पोट बऱ्यापैकी सोसते. मान आणि खांदा जिथे मिळतात ती जागा सर्वांत कच्ची. बॅग आपटली की जड पोट एका जागी थांबते, मान दुसरीकडे झुकू पाहते आणि त्या सांध्यावर ताण येतो. दुसरी धोक्याची गोष्ट म्हणजे काचेला काच लागणे. दोन बाटल्या शेजारी शेजारी, मध्ये फक्त एक बनियन: हे पॅकिंग नव्हेच. आधी बारीक ओरखडा पडतो आणि पुढच्या धक्क्याला तिथूनच चीर जाते.

शक्य असेल तर विकत घेतानाच विचार करावा. आखूड मानेची, गोल पोटाची, आटे असलेल्या झाकणाची बाटली प्रवासाला चांगली. लांब नाजूक मान, चौकोनी धारदार खांदे, वर काचेचा गोळा किंवा घोड्याची आकृती असलेले बूच, ही दुकानात देखणी दिसणारी बाटली बॅगेत त्रास देते. ड्यूटी फ्रीमध्ये काही मद्ये प्लास्टिकच्या बाटलीतही मिळतात. ती फुटत नाहीत आणि वजनाला हलकी पडतात. वजनाचा हिशेबही आधीच करावा. ७५० मिलिची भरलेली काचेची बाटली साधारण सव्वा किलो, १ लिटरची दीड किलोच्या पुढे. देशांतर्गत तिकिटावर चेक-इनला बहुधा १५ किलोच मिळतात. चार बाटल्या म्हणजे पाच-सहा किलो, त्यावर गुंडाळायला लागणारे कपडे. अनेकदा कपडे कमी आणि बाटल्या जास्त असा तोल जातो, मग बाटलीभोवती घालायला काही उरतच नाही.

सामान गोळा करायला फार लागत नाही: झिप असलेल्या जाड प्लास्टिकच्या पिशव्या, स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म, टेप, बबल रॅप, जाड मोजे आणि टॉवेल. टॉवेलसाठी सोलापूरकराला बाहेर पाहायला नको. आपला टेरी टॉवेल या कामाला जितका योग्य आहे तितके महागडे पॅकिंगही नसेल, कारण त्याच्या दोऱ्याच्या वेटोळ्यांत हवा धरलेली असते आणि दाबला तरी तो पुन्हा फुलतो. सुट्टीला निघतानाच दोन टॉवेल बॅगेत टाकून न्यावेत.

पहिले काम झाकणाचे. बाटली उलटी धरून मिनिटभर पाहावी. झाकणाखाली ओल दिसली तर ती बाटली बदलून घ्यावी. मग झाकण आणि मान क्लिंग फिल्मच्या तीन-चार वेढ्यांनी घट्ट बांधावी आणि टेप त्या फिल्मवर लावावी. टेप थेट काचेवर किंवा लेबलवर लावली तर चिकट डाग राहतो, लेबल फाटते, आणि सील छेडल्यासारखे दिसले तर तपासणीत विनाकारण प्रश्न निघतात. व्हिस्कीच्या ओढून काढायच्या बुचाला ही फिल्म हवीच, कारण ते बूच फक्त घर्षणावर बसलेले असते.

मग बाटली झिपच्या पिशवीत, आणि ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. झिप लावण्याआधी आतली हवा हाताने दाबून काढावी. हवा भरलेली पिशवी वर गेल्यावर फुगते, झिप सुटते किंवा शिवण उसवते, आणि गळती धरायला घातलेली पिशवीच कामातून जाते. दोन पिशव्यांच्या मध्ये लहान मुलांचा एक डायपर पोटाभोवती गुंडाळून ठेवावा. बाटली गळलीच तर तो बरेच शोषतो, शिवाय थोडी गादीही होते. मात्र त्यातले शोषून घेणारे दाणे पाण्यात जितके फुगतात तितके कडक मद्यात फुगत नाहीत. वाइन, आगळ किंवा व्हिनेगर तो चांगले धरतो, व्हिस्की-फेणी तितकी नाही. म्हणून कडक मद्याला दुहेरी पिशवी चुकवू नये.

त्यानंतर मानेला मोजा. इथे बहुतेक जण चुकतात: संपूर्ण बाटलीवर सारखाच बबल रॅप फिरवतात, आणि मानेभोवतीची जागा पोकळच राहते. मान आणि पोट एका जाडीचे झाले पाहिजे. एक जाड मोजा घडी घालून मानेभोवती गुंडाळा, लागला तर दुसरा, जोवर मानेचा घेर खांद्याच्या घेराला येत नाही तोवर. बाटली दंडगोल दिसू लागली की मग बबल रॅप, बुडबुडे आतल्या बाजूला, तीन वेढे. दोन्ही टोकांना रॅप चार बोटे जास्त ठेवून आत मुडपावा. बुडाखाली काहीच नाही आणि सगळे कवच बाजूंना, अशी बाटली उभी आपटली की तळाच्या कडेला तडा जातो.

शेवटी टॉवेल. ३० बाय ६० इंचांचा टॉवेल लांबीच्या दिशेने मधोमध दुमडला की १५ इंच रुंद पट्टी होते. वाइनची बाटली साधारण १२ इंच उंच. ती मधोमध ठेवली की दोन्ही टोकांना दीड-दीड इंच टॉवेल उरतो, तो आत दाबायचा. आता घट्ट गुंडाळत न्या. बाटलीभोवती साधारण चार वेढे बसतात. बाहेरून मुठीने दाबून पाहा. हाताला काचेची कड जाणवता कामा नये. जाणवली तर आणखी एक सुती शर्ट किंवा पंचा वरून.

हवेच्या उभ्या नळ्या असलेल्या पिशव्या हल्ली मिळतात, त्या चांगल्या आहेत, फक्त टणक होईपर्यंत फुगवू नयेत. जमिनीवर टणक फुगवलेली नळी वर जाऊन आणखी ताणली जाते. अंगठा सहज रुतेल इतकीच हवा भरावी. थर्माकोलचा साच्याचा डबा सर्वांत उत्तम, जागा मात्र खातो. व्हिस्कीसोबत येणारे पुठ्ठ्याचे गोल नळकांडे म्हणजे पॅकिंग असे समजू नये. बाटली त्यात खुळखुळते. ते न्यायचेच असेल तर वर्तमानपत्राचे चुरगळलेले गोळे सर्व बाजूंनी ठासून भरावेत. गोळेच, सपाट घडीचा कागद पाटीसारखा कडक होतो आणि धक्का जसाच्या तसा पुढे देतो. वाइन शॉपमधला खणांचा खोका तेवढ्यापुरता उपयोगी आहे की बाटल्या एकमेकींना लागत नाहीत. धक्का सोसण्याचे काम त्या पातळ पुठ्ठ्याकडून होत नाही.

आता बॅगेतली जागा. चाकांच्या बॅगेच्या मागच्या भिंतीत, अस्तराखाली, ओढायच्या दांड्याच्या दोन धातूच्या नळ्या असतात. अस्तरावरून हात फिरवला की दोन उंचवटे आणि मध्ये खाच लागते. ती खाच पाहून बाटली तिथेच ठेवण्याचा मोह होतो, कारण ती जणू तिच्याच मापाची केलेली वाटते. पण तिथे बाटली आणि जमीन यांच्यात फक्त बॅगेची भिंत उरते आणि दोन्ही बाजूंना धातू. ती खाच आधी पँट, चादर अशा कपड्यांनी भरून सपाट करावी. वर आणखी कपड्यांचा थर, मग बाटली, मग पुन्हा थर. प्रत्येक दिशेला, म्हणजे खाली, वर, बाजूंना आणि दोन्ही टोकांना, दाबल्यावरही चार बोटे मऊ कपडा उरला पाहिजे. सोलापुरी चादर जवळ असेल तर तिची घडी तळाला फार छान बसते. वजनाचा हिशेब तेवढा ठेवावा.

बाटलीचे बूड चाकांकडे आणि मान दांड्याकडे असावी. बॅग उभी आपटते ती बहुतेकदा चाकांच्या बाजूला, आणि तो धक्का बुडाने घेतलेला बरा. दोन बाटल्या असतील तर त्यांच्यामध्ये गुंडाळलेली जीन्स. चार असतील तर घरातल्या दोन बॅगांत दोन-दोन. एकाच बॅगेत सगळ्या भरल्या तर एक फुटली की तिचे तुकडे दुसरीवर जातात. बूट, चार्जर, डबा, इस्त्री असले टणक काही बाटलीच्या थरात नको. ते कडेला आणि त्यांच्यातही कपडा. टणक कवचाची बॅग वरच्या ओझ्याला चांगली, पण तिच्या भिंतीला टेकलेल्या बाटलीला ती वाचवत नाही. कापडी बॅग धक्का थोडा पिते, पण वरून दाबली जाते. दोन्हींत नियम तोच: बाटली मधोमध, भिंतीपासून लांब, आणि बॅग ठासून भरलेली.

बॅग बंद केल्यावर परीक्षा घ्यावी. दोन्ही हातांनी उचलून जोरात हलवा, मग बाजू बदलून पुन्हा. आत काही सरकल्याचे जाणवले किंवा ऐकू आले तर बॅग उघडा आणि रिकामी जागा भरा. मग वीतभर उंचीवरून बॅग चाकांवर सोडा. हे करायला जीव धजत नसेल तर पॅकिंग अजून पुरे झालेले नाही, कारण विमानतळावर ती याहून उंचावरून पडणार आहे.

एक गोष्ट फार लोकांच्या ध्यानात येत नाही. पॉवर बँक आणि लायटर बाटलीच्या बॅगेत, किंबहुना चेक-इनच्या कोणत्याच बॅगेत, ठेवू नयेत. एक्स-रेमध्ये ते दिसले की प्रवाशाला बोलावून बॅग उघडायला लावतात. घाईत सगळे बाहेर निघते, घाईतच परत कोंबले जाते, आणि तासभर खपून केलेले पॅकिंग तिथे संपते. कोकणातून, गोव्यातून येणाऱ्यांनी सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही बॅगेत घालू नयेत. खोबऱ्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकते, म्हणून चेक-इनला मनाई आहे आणि बॅग त्यासाठीही उघडली जाते.

परदेशातून मुंबईमार्गे सोलापूरला येणाऱ्यांची गफलत निराळीच असते. ड्यूटी फ्रीची सीलबंद पारदर्शक पिशवी हातात असते आणि वाटते, ती अशीच घरापर्यंत नेता येईल. मुंबईत उतरल्यावर सामान पट्ट्यावरून घेऊन, कस्टम पार करून, ते पुन्हा देशांतर्गत विमानासाठी द्यावे लागते. त्या पुढच्या सुरक्षा तपासणीत बाहेरून आणलेली बाटली हातातल्या बॅगेतून जात नाही. सुरक्षा तपासणीनंतरच्या दुकानातून घेतलेली बाटलीच पिशवीच्या सीलसह हातात नेता येते. म्हणून घरून निघतानाच चेक-इनच्या बॅगेत मधोमध एका बाटलीची जागा राखावी, तिथे टॉवेल, मोजे आणि दोन झिपच्या पिशव्या वरच ठेवाव्यात, आणि सामान परत देण्याआधी एखाद्या बाकावर बसून शांतपणे बाटली त्यात बसवावी. असे केले नाही तर ती तपासणीच्या टेबलावरच सोडून यावी लागते. हातात नेलेली बाटली देशांतर्गत विमानात उघडून पिणे हा गुन्हा आहे, हेही तरुण मंडळींना घरातल्या मोठ्यांनी सांगून ठेवावे.

घरी आल्यावरची काळजी सोलापुरात जास्त लागते. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांच्या पुढे जातो आणि उन्हात उभ्या मोटारीची डिकी त्याहून तापते. पुण्याला किंवा हैदराबादला उतरून मोटारीने येणाऱ्यांची बाटली चार-पाच तास त्या डिकीत असते. ७५० मिलि वाइन वीसवरून चाळीस अंशांवर गेली की सुमारे ५ मिलिलीटरने फुगते. मानेतली मोकळी जागा तेवढीच असते, त्यामुळे बूच वर ढकलले जाते आणि वाइन पाझरते. चवीचे नुकसान वेगळेच. उन्हाळ्यात बाटली डिकीत न ठेवता एसीच्या गाडीत पायाशी, टॉवेलसकट ठेवावी.

पट्ट्यावर बॅग आली की आधी तिचा वास घ्यावा आणि कोपरे हाताने चाचपावेत. ओल लागली तर विमानतळ सोडण्याआधीच कंपनीच्या काउंटरवर नोंद करावी; घरी येऊन केलेल्या तक्रारीला फार वजन राहत नाही. फुटलेलीच असेल तर बॅग घरात झटकू नका. बारीक कपच्या टॉवेलच्या वेटोळ्यांत अडकतात आणि धुतल्यावरही निघत नाहीत. तो टॉवेल आणि मोजे जाड पिशवीत घालून टाकून द्यावेत, बाकी कपडे जाड हातमोजे घालून एक एक उचलावेत, अस्तरावरून ओल्या कागदाने पुसून कपच्या टिपाव्यात. रेड वाइनच्या ताज्या डागावर मीठ भुरभुरवून ती ओढून घ्यावी, मग थंड पाण्याने धुवावे. गरम पाण्याने डाग बसतो.

विमानतळ प्रशासन आणि विमान कंपन्यांकडे आपल्या वृत्तपत्रातून तीन मागण्या पोहोचाव्यात. सोलापूरच्या आणि मोपाच्या चेक-इन काउंटरजवळ मद्याची तीनही मापे, विमानाची, कस्टमची आणि राज्याच्या परवान्याची, मराठीत आणि कानडीत लिहिलेला फलक असावा, कारण इथून प्रवास करणाऱ्यांत विजयपूर, कलबुर्गीकडचे लोकही आहेत. काउंटरच्या अलीकडे एक लांब टेबल आणि एक वजनकाटा ठेवावा, म्हणजे वजन भरले तर माणसाला जमिनीवर बसून बॅग उपसावी लागणार नाही. आणि टर्मिनलमध्ये सोलापुरी टॉवेलचे छोटे विक्री केंद्र असावे. गुंडाळायला काही नाही म्हणून बाटली उघडीच बॅगेत टाकणाऱ्या प्रवाशाला तिथून एक टॉवेल घेता येईल आणि घरी गेल्यावर तो वापरताही येईल.

आपला,
पॅकिंग व्यवसायातील एक वाचक,
सोलापूर